धार कोण काढणार?

पत्र लांबलचक आहे, गाभा तेवढा देते. लिहिणाऱ्या ताईंचं घर मूळचं जुन्या इंदूरचं. शहरातून गोठे बाहेर गेले तेव्हा ही मंडळी जनावरांसकट राऊच्या पुढे जाऊन राहिली. आज दावणीला पाच जीव आहेत. काळी म्हैस गेल्या दिवाळीत व्यालेली, आता पुन्हा पाच महिन्यांची गाभण, दोन्ही वेळचं मिळून तीन लिटर देते. भुरी म्हैस दोन महिन्यांपूर्वी व्याली, ती भरात आहे. गीर गाय सात महिन्यांची गाभण. शिवाय काळीची नऊ महिन्यांची वगार आणि भुरीची दुधावरची पारडी. यजमान पीथमपूरला कारखान्यात, शिफ्ट बदलती. मुलगा बारावीत. सासूबाई सत्तरीच्या. ताईंच्या उजव्या स्तनात चैत्रात गाठ सापडली, ऑपरेशन झालं, काखेतल्या गाठीही काढल्या. आता दर 21 दिवसांनी केमो आहे, दोन डोस झाले, चार राहिले.

पुढचं त्यांच्याच शब्दांत: ‘डॉक्टर म्हणाले, जनावरांपासून लांब राहा. नणंद म्हणते, सगळी विकून टाक. सासूबाईंना वाटतं माझ्या औषधाचा जनावरांना त्रास होईल. शेजारच्या काकू म्हणतात, घरात गीर गाय असून गोमूत्र का घेत नाहीस. आणि काळी माझ्याशिवाय कुणाला हात लावू देत नाही. मी धार काढता काढता अर्धा पेला तिथेच पिणारी बाई, आता उभं राहिलं तरी गरगरतं. तरी खरं सांगू? गोठ्यात गेलं की बरं वाटतं. घरात सगळे माझ्या तोंडाकडे बघत बसतात.’

ताई,

गोमूत्राचं आधी निकालात काढू, कारण ते रोज सकाळी कुणीतरी पेल्यात घालून पुढे करणार. घेऊ नका. गाय गीर असो की जर्सी, मूत्रातून लेप्टोस्पायरासारखे जंतू येऊ शकतात, आणि केमो चालू असताना रक्तातल्या पांढऱ्या पेशी इतक्या खाली जातात की एरवी दोन दिवस अंग मोडून निघून गेलं असतं तेही दवाखान्यात पोचवतं. गोमूत्राने कॅन्सर बरा होतो याला पुरावा नाही. काकूंशी वाद घालायला अंगात जोर नसेल तर ‘डॉक्टरांनी बाहेरचं काही घ्यायला मनाई केलीय’ एवढं म्हणा. गोठ्यातला तो अर्धा पेलाही बंद. दूध उकळून प्या, हवं तितकं प्या. कच्च्या दुधातून ब्रुसेला येतो, क्षयाचे जंतू येतात, आणि तुमच्या गोठ्यात तपासणी झाल्याचं पत्रात कुठे दिसत नाही.

सासूबाईंना सांगा की कॅन्सर माणसाकडून म्हशीला लागत नाही, माणसालाही लागत नाही. केमोचं औषध मात्र डोसनंतर साधारण 48 तास लघवी, शौच आणि उलटीतून बाहेर पडत असतं. म्हणून त्या दोन दिवसांतली उलटीची बादली गोठ्याच्या मोरीत किंवा उकिरड्यावर ओतायची नाही. संडासात ओता, दोनदा पाणी सोडा, बादली धुणाऱ्याने हातमोजे घाला. एवढं पाळलं की सासूबाईंच्या भीतीत उरण्यासारखं काही नाही.

आता विकण्याचं. माझी सगळी नोकरी पशुवैद्यकीय खात्यात गेली, आणि आजारी घरातून जनावर कसं विकलं जातं ते मी पुष्कळ पाहिलंय. दलाल दारात येण्याआधी बातमी पोचलेली असते. आटत आलेली म्हैस आणि भाकडकाळात शिरणारी गाय आज घाईने काढाल तर कवडीमोल जाईल. उपचार संपून हात मोकळे झाले की तेवढ्या पैशांत यातलं एकही जनावर दावणीला परत येणार नाही. नणंदेचा सल्ला मायेचा आहे, हिशोबाचा नाही. आणि हिशोब करायचाच तर जनावरं किती हे मोजू नका, धारा किती ते मोजा. तीन दुभती, दोन वेळा, म्हणजे दिवसाला सहा धारा. गोठा कंबर मोडतो तो तिथे. त्या सहाच्या दोन करता येतात, आणि त्यासाठी एकही जनावर विकावं लागत नाही.

गाय नऊ महिने नऊ दिवसांच्या हिशोबाने विते. विण्याआधी दोन महिने तिला आटवायची, म्हणजे तिचं दूध बंद करायचं असतंच, नाहीतर पुढच्या वेताला दूध मार खातं. तिचा सातवा सरतोय, म्हणजे वेळ झालीच. काळीला मी तिच्याबरोबरच आटवेन. म्हैस दहा महिने दहा दिवसांची, तेव्हा तिला अजून बराच अवकाश आहे आणि भाकडकाळ जरा लांबेल, हे खरं. पण तीन लिटरसाठी आणि एका हट्टासाठी तुम्ही पहाटे उठून तिच्या पायाशी बसणार असाल तर तो सौदा आतबट्ट्याचा आहे. दुसऱ्या कुणाला ती पान्हा सोडत नसेल तर सोडू नये, आपल्याला आता तो नकोच आहे.

आटवताना खुराक काढून घ्या, चार दिवस भुशावर ठेवा, मग एक धार पूर्ण निपटून काढा आणि जनावरांच्या डॉक्टरांकडून चारही सडांत आटवायच्या ट्यूब सोडून घ्या. त्यानंतर कासेला हात नाही. कास दोन-तीन दिवस तट्ट दिसेल, सासूबाईंचा जीव कळवळेल, ‘थोडं काढून हलकी करू’ म्हणतील. तेवढं मात्र करू देऊ नका. थोडं काढलं की शरीर पुन्हा दूध बनवायला लागतं. आठ-दहा दिवसांत ते आपोआप जिरतं. एकाच बाजूला सूज, गरमपणा किंवा दगडासारखी गाठ दिसली तर 1962 ला फोन लावा, फिरता दवाखाना घरी येतो. महूचं पशुवैद्यकीय महाविद्यालयही तुमच्यापासून फार लांब नाही.

वगार ओळखीच्या घरी बटाईने देऊन टाका. ती सांभाळतील, वेताला आली की किंमत ठरवून निम्मी-निम्मी. आपल्या भागात हे चालतं, पण तोंडी ठेवू नका. मेली तर काय, आधी विकायची झाली तर काय, एवढं दोन साक्षीदारांसमोर कागदावर लिहा.

राहिली भुरी. दूध भरपूर आणि स्वभाव गरीब. तिची धार यजमान काढतील. तुम्ही पत्रात लिहिलंय, ‘त्यांना जमत नाही.’ ताई, कारखान्यात मशीन चालवणाऱ्या माणसाला चार सड जमत नाहीत हे मला पटत नाही. आजवर गरज पडली नाही, एवढंच. पत्रात एके ठिकाणी तुम्ही गोठ्याला ‘माझी आवड’ म्हणून गेलात, तेही मला खटकलं. आवडीचं काम बंद पडलं तर कुणाचं अडत नाही. तुमच्या घरात भुरीचं दूध थांबलं तर महिन्याचं गणित कोसळतं. हे काम आहे, आणि ते आता वाटून घ्यायचं आहे. डोसनंतरच्या पंधरवड्यात शिकवणं जमणार नाही. तिसऱ्या आठवड्यात, अंगात थोडी तरतरी असते तेव्हा, खुर्ची टाकून चार हात लांब बसा आणि बोलत राहा.

शिकवताना अंगठा मुडपून सड ओढू देऊ नका. नवशिका हमखास तसंच करतो, आणि सडाला आतून इजा होते. पूर्ण मूठ, वरून खाली बोटं एकामागून एक मिटत यायची. आधी कोमट पाण्याने कास धुवून कोरडी पुसायची. पहिल्या दोन-तीन चिळकांड्या वेगळ्या भांड्यावर, काळ्या फडक्यावर घेतल्या तर उत्तम, गुठळी असली तर तिथेच दिसते. पारडीने ढुसण्या देऊन पान्हा फुटला की पाच-सात मिनिटांत हात संपला पाहिजे, कारण पान्ह्याचा जोर तेवढाच टिकतो. नवीन माणूस मध्येच मोबाईल बघायला थांबला की मागचं घट्ट दूध कासेतच राहतं आणि आठवड्यात दगडी, म्हणजे कासेची सूज, होते. धार झाली की सड आयोडीनच्या पाण्यात बुडवायचे आणि लगेच पुढ्यात वैरण टाकायची, म्हणजे म्हैस अर्धा तास उभी राहील. सडाची भोकं मिटायला तेवढा वेळ लागतो, लगेच शेणात बसली तर जंतू आत. पहिले काही दिवस दूध कमी भरेल, डेअरीवर फॅट उतरेल. त्यावरून घरात कुणी चकार शब्द काढायचा नाही. म्हशीला फसवायला बायकोची जुनी साडी अंगाभोवती गुंडाळून बसणारे बाप्ये मी पाहिलेत, आणि त्यांना दूध मिळतंही. यजमानांना सांगून बघा. इंजेक्शन टोचून पान्हा सोडवण्याचा सल्ला मात्र कुणाचाही ऐकू नका.

शिफ्ट आडवी येईल त्या आठवड्यांसाठी धार काढणारा गडी आणि शेणपाण्याला बाई लावा. परवडत नाही म्हणण्याआधी भुरीचं महिन्याचं दूधबिल आणि त्यांची मजुरी एका कागदावर मांडा. मुलाकडे बारावीच्या वर्षात संध्याकाळचं पाणी आणि गव्हाण भरणं एवढंच. कुट्टी मशीन त्याच्या एकट्याच्या भरवशावर सोडू नका.

‘जनावरांपासून लांब राहा’ हे तुमच्या डॉक्टरांचं वाक्य चुकीचं नाही, अपुरं आहे. शहरातल्या डॉक्टरांच्या डोळ्यांपुढे घरातलं मांजर असतं, पाच जनावरांची दावण नसते. पुढच्या वेळी विचारा: ‘घरात गाभण गाय आहे, दोन महिन्यांची पारडी आहे, शेण आहे, भुसा आहे. कोणत्या दिवशी मला कुठवर जाता येईल?’ प्रश्न नेमका असला की उत्तरही नेमकं मिळतं. मी हे इंदूरच्याच एका कर्करोगतज्ज्ञ बाईंना विचारलं. त्यांचं म्हणणं असं: 21 दिवसांच्या चक्रात डोसनंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसापर्यंत पांढऱ्या पेशी तळाला असतात. त्या दिवसांत गोठ्यात पाऊल नको. नंतर त्या वर येतात, आणि पुढच्या डोसआधीच्या रक्ततपासणीत न्यूट्रोफिल (संसर्गाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) नीट दिसले तर शेवटच्या आठवड्यात थोडी मोकळीक घेता येते. औषध बदलून दर आठवड्याचा डोस सुरू झाला तर हे गणितही बदलेल, तेव्हा पुन्हा विचारायचं. गोठ्याच्या भिंतीवर कॅलेंडर लावा आणि तळाच्या दिवसांवर लाल खुणा करा, म्हणजे ‘आज तरी येशील का जरा’ असं कुणी म्हणणार नाही.

तुम्हाला वाटत असेल धोका काळीच्या लाथेचा. तो आहेच, प्लेटलेट उतरलेल्या असताना साधा मुका मारही महागात पडतो. पण मला जास्त भीती पारडीची वाटते. दुधावरच्या वासरांना हगवण लागते, त्या पातळ शेणातले जंतू माणसाच्या पोटात जातात, आणि त्यांच्या अंगावरचा नायटा आपल्या हातावर उठतो. तिचे लाड यंदा दुसऱ्या कुणीतरी करू देत. दुसरी भीती भुशाची. श्रावणात ओल धरलेला, काळसर पडलेला भुसा उपसला की बुरशीची धूळ उडते, आणि ती बुरशी कमजोर माणसाच्या थेट फुप्फुसात घर करते. भुशाची कोठी, कुजलेली वैरण, उकिरडा उपसणं, गोवऱ्या थापणं, हे सगळं शेवटच्या केमोनंतरही डॉक्टर हो म्हणेपर्यंत तुमच्यासाठी बंद.

उजव्या हाताचं तुम्ही एका ओळीत उरकलंत, पण ते आयुष्यभराचं प्रकरण आहे. काखेतल्या गाठी काढल्यावर हातातलं पाणी वाहून न्यायची वाट अरुंद होते. त्या हाताला विळ्याचा काप, काटा, पत्र्याची कड लागली तर जखम चिघळते आणि हात सुजून बसू शकतो. फिजिओथेरपीचे व्यायाम चुकवू नका, आणि बादली किंवा भारा उचलायचा की नाही ते त्यांनाच ठरवू द्या. जनावर सोडताना दाव्याचा पीळ मनगटाभोवती घ्यायची सवय आपल्याकडे सगळ्या बायकांना असते. म्हशीने झटका दिला की सगळा भार खांद्यावर येतो. ती सवय आजपासून मोडा, बरं झाल्यावरही परत नको.

गाय विणार आश्विनाच्या अखेरीस, म्हणजे तुमचे डोस अजून चालू असताना. तिथे तुम्ही असायचं नाही. वासरू आडवं आलं, कुणी घरात नसलं, तरीही नाही. वासरामागून पडणारी वार आणि विण्याचं पाणी यांतून ब्रुसेला पसरतो, निरोगी माणसालाही महिनोन्‌महिने ताप देतो. माझ्या खात्यातल्या कित्येकांनी तो भोगलाय. आत्ताच गाईचं रक्त तपासून घ्या. विण्याच्या आठवड्यात कोण थांबणार, डॉक्टरांचा नंबर कुणाच्या फोनमध्ये, वार हातमोजे घालून चुना टाकून खोल कोण पुरणार, हे आधी ठरवा. पारडी चार महिन्यांची झाली की तिला ब्रुसेलाची लस द्यायची आहे. चार ते आठ महिन्यांच्या माद्यांना ती आयुष्यात एकदाच देतात, आणि 2019 पासूनच्या राष्ट्रीय कार्यक्रमात ती सरकारी खर्चाने मिळते. लस जिवंत जंतूंची असते, म्हणून त्या वेळी पारडीला धरायला तुम्ही जायचं नाही. चिकाचा खरवस चांगला वाफवलेला असला तर खुशाल खा.

ताप. थर्मामीटर उशाशी ठेवा. 100.4 फॅरनहाइटला काटा पोचला की क्रोसिन घेऊन सकाळची वाट बघायची नाही. गोळीने आकडा उतरतो, आतला संसर्ग उतरत नाही. रात्री दोन वाजले असले तरी जिथे उपचार चालू आहेत तिथेच जायचं, पोचल्याबरोबर ‘केमो चालू आहे’ हे पहिलं सांगायचं. फाइल, आयुष्मान कार्ड असेल तर ते, आणि गाडीवाल्याचा नंबर एका पिशवीत दाराजवळ टांगून ठेवा. धार राहिली तर राहू दे, पारडी पिऊन टाकेल.

केमोनंतर शेक (रेडिएशन) लागला तर सोमवार ते शुक्रवार रोज इंदूरची फेरी असेल, सहसा तीन ते पाच आठवडे. भुरीची व्यवस्था तोवर पक्की झालेली हवी. मशीनने बाहेरून दिलेल्या किरणांनी अंगात काही साठून राहत नाही, तेव्हा शेक घेऊन आल्यावर जनावरांजवळ गेलात तर त्यांना काही होत नाही. हेही सासूबाईंना सांगा.

आणि तुमचं ते बरं वाटणं. तेही मी औषधातच धरते. तळाच्या दिवसांत ओट्यावर खुर्ची टाका, धूळ आणि झाडलोट नसेल अशा वेळी, आणि तिथून सूत्रं हलवा. कोणती कमी खातेय, कुणाचं रवंथ थांबलंय, कोण माजावर आलीय, हे तुम्हाला लांबून कळतं, बाकीच्यांना जवळ जाऊनही कळत नाही. शेवटच्या आठवड्यात डॉक्टर हो म्हणाले तर काळीच्या मानेशी जा, गळा खाजवा, मग साबणाने कोपरापर्यंत हात धुवा. ती काही दिवस हंबरेल. हंबरू दे, म्हशीला समजूत घालावी लागत नाही, तिची तिला पडते.

वसुबारसेला पूजा केली तर चालेल का, असं तुम्ही ताजा कलम घालून विचारलंय. गाय तेव्हा नुकती व्यालेली असेल किंवा विण्याच्या बेतात असेल, दोन्हीत तुम्ही तिच्याजवळ नको. पायांवर पाणी आणि कुंकू सासूबाईंच्या हातून होऊ द्या, तुम्ही ओट्यावरून निरांजन ओवाळा. बाजरीची भाकरी आणि गवारीची भाजी गरम असताना पोटभर खा. उपास यंदा यजमानांकडे द्या.